लेन्स घेण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पक्षी-प्राण्यांच्या फोटोंना लेन्स छोटी पडते, १५०-६०० मिमीची लांब पल्ल्याची घेऊ का, असं विचारलंस. घे, पैसे तुझे आहेत. पण आधी एखाद्या शनिवार-रविवारपुरती भाड्याने आण. ती दोन किलोची वस्तू गळ्यात अडकवून उन्हात तीन तास बसल्यावर मग ठरव. फोनवर हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण तुझा खरा प्रश्न लेन्सचा आहे असं मला वाटत नाही. फोटो बघून तुला मजा येईनाशी झाली आहे, आणि ते असं घाईघाईत बोलण्यासारखं नाही.

मला मजा कशात येते ते सांगतो. उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला, कवड्या खंड्या दिसतो. काळा-पांढरा, मैनेएवढा. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) मागे धावणारी माणसं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, नजर पाण्यात. मासा खोल गेला तर तो तिथून थोडा खाली उतरतो आणि पुन्हा थांबतो. मग पंख मिटून सरळ खाली. सुरुवातीला मी तो पाण्यात शिरल्यावर बटण दाबायचो आणि फोटोत नुसते तुषार यायचे. नंतर नुसतं बघत बसलो. हळूहळू लक्षात यायला लागलं की आता उतरेल, आता थांबेल, आणि आता... त्या 'आता'च्या आधी बोट हललं की पोटात जे काही होतं, तेच खरं. फोटो नंतर चांगला येतो किंवा येत नाही. तो पक्षी पुढे काय करणार हे त्याच्या आधी अर्धा सेकंद मला कळलं होतं, हे कॅमेऱ्यामुळे सिद्ध होतं, एवढंच.

हे कळायला काही खुणा आहेत. पक्षी बहुधा वारा येतो तिकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. म्हणून वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी राहील अशी नाव लावायला सांगायची. समोरून येणारा पक्षी आपोआप मिळतो. फांदीवर बसलेला शिकारी पक्षी शिटला की कॅमेरा डोळ्याला लाव, बहुतेक वेळा तो लगेच उडतो. (आईला हे ज्ञान मी जेवताना दिलं होतं. तेव्हापासून जेवताना पक्षी हा विषय बंद आहे.) रोहित जड पक्षी आहे, त्याला जागेवरून उडता येत नाही. आधी खाली घातलेल्या माना वर येतात, थवा एका दिशेला चालू लागतो, मग पाण्यावरून धावत धावत हवेत. माना वर आल्या की तयार राहायचं. कैकर, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी, पाय पुढे करून मासा उचलतो आणि वर आल्यावर हवेतच अंग झाडतो. तो फोटो मला अजून मिळालेला नाही.

आता ज्यावरून माझं डोकं फिरतं ते. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी नावांची रांग लागते आणि कुणीतरी नावाड्याला हमखास म्हणतं, "दादा, जरा थवा उडवा ना." शंभर रुपये जास्त मिळतील म्हणून एखादा नाव आत घुसवतोही. पंखांची लाली दिसते, सगळे खूष. पण सकाळभर चिखल गाळून पोट भरणारा तो थवा उगीचच उठतो, लांब जाऊन बसतो, पुन्हा कुणीतरी उठवतो. कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-फरसाण टाकून जवळ बोलावणाऱ्यांचंही तेच. पक्ष्यांना त्रास होतो हे तर आहेच. पण मला त्या फोटोग्राफरची कीव येते. पुढे काय होणार हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. ओळखायचं काय राहिलं? उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं झालं ते.

तुला कर्नाटकात कबिनीच्या जंगलात बिबट्या दिसला नाही म्हणून नाराज आहेस. जीपमधून बिबट्याशी आपली ओळख होणार कशी? दिसला तर पाच मिनिटं, तेही सहा जीपच्या गर्दीत. त्यापेक्षा म्हैसूर रस्त्याने रंगनथिट्टूच्या पक्षी अभयारण्यात जा. कावेरीतली बेटं आहेत, १९४० पासून ती राखीव आहेत. हिवाळा सरता सरता चित्रबलाक (रंगीत करकोचे) तिथे घरटी करतात, आणि नाव त्यांच्या पुरेशी जवळून जाते. तुझी आहे ती लेन्स चालेल. खडकावर मगरी आ वासून पडलेल्या दिसतील. ती डरकाळी नाही गं, तोंड उघडं ठेवून त्या अंग गार करत असतात. एकच झाड निवड आणि पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे जा. बलाक काडी घेऊन येतो तेव्हा जोडीदार आधी काय करतो ते बघ. मला फोन करून सांग, मलाही नीट माहीत नाही.

सेटिंगचं थोडक्यात: उडत्या पक्ष्याला शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या खाली नेऊ नकोस. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणे दिसले तरी चालतील, पक्षी हललेला नको. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडं उणे कर, नाहीतर पिसं जळतात, फोटोत नुसता पांढरा डाग उरतो.

जानेवारीत येशील तेव्हा भिगवणला जाऊ. यंदा धरण काठोकाठ भरलंय, उथळ जागा उघड्या पडायला वेळ लागेल, म्हणून डिसेंबरात रोहित कमीच असतील. शनिवार-रविवार टाळू. नेहमीच्या नावाड्याला सांगून ठेवतो, तो इंजिन लांबच बंद करतो आणि पुढे वल्ह्याने नेतो. जेवायला त्याच्याच घरी, चिलापी फ्राय आणि भाकरी. आईला माशाचा वास सहन होत नाही, तिच्यासाठी पिठलं सांगू. येताना माझ्या कॅमेऱ्याची एक जास्तीची बॅटरी तेवढी घेऊन ये, थंडीत जुनी लवकर उतरते.

तुझा,
बाबा