अर्धं तिकीट, पूर्ण दहा रुपये

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दर गुरुवारी अस्तर, चेन, धाग्याची रिळं आणायला मी जिल्ह्याच्या गावी जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मला खरोखर फायदा झालाय. म्हणून आधी आभार मानते आणि मग तक्रार सांगते.

बाजाराच्या तोंडाशीच स्वच्छतागृह आहे. दारात टेबल, टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात सुट्टे. डावीकडून पुरुष आत जातात, चेन लावत लावत बाहेर पडतात, डब्याकडे कुणी बघतही नाही. उजवीकडे वळलं की टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणतो, "दहा."

मी एकदा विचारलंच, त्यांना फुकट आणि आम्हाला दहा का? तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, ते मुतारीत जातात ते दिसतं. तुम्ही दार लावून घेता. आत काय करता ते मला काय माहीत? संडासाचाच दर लागणार."

मला हसू आलं. परतीच्या एसटीत मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. पुरुषांना भिंतीलगत मुतारी बांधून दिली, बायकांना बांधलीच नाही, सरसकट संडास दिले. जे बांधलंच नाही त्याचा भुर्दंड आम्ही भरतोय. त्या माणसाशी माझं भांडण नाही. डब्यात पडेल त्यातूनच त्याचं आणि आतलं धुणाऱ्या बाईचं भागतं, असं तोच म्हणाला.

कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी तिथंच फुटपाथवर बसतात. सकाळी सहाला येतात आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. दोनदा जायचं म्हणजे वीस रुपये, दोन जुड्यांचे पैसे गेले. "त्यापेक्षा तहान बरी," म्हणतात. लघवीची जळजळ त्यांना कायमची आहे.

साहेब, हे नवीन नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, म्हणून मोहीम चालवली, ती याचसाठी. संविधानाच्या कलम १५ मध्ये तर सरकारी पैशातल्या सार्वजनिक जागा वापरताना लिंगावरून आडकाठी नको, असं लिहिलेलंच आहे. पण आपल्याकडे लिहिलेलं आणि दारात घडणारं यात फार अंतर पडतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना १९२७ मध्ये हजारो माणसं घेऊन जावं लागलं. माझे दहा रुपये त्या अपमानाच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे मला कळतं. ठराव झाला म्हणजे दार उघडलं असं नसतं, एवढंच सांगायचंय.

आता माझंही सांगते, नाहीतर लोकां सांगे ब्रह्मज्ञान व्हायचं. अल्टरेशनला मी पुरुषांना वीस सांगायचे आणि बायकांना तीस. बायका घासाघीस करणार म्हणून आधीच चढवून. एका कॉलेजच्या मुलीनं भावाची पँट आणि स्वतःची सलवार एकदमच आणली आणि विचारलं, "काकू, शिलाई तर एकच ना?" मला उत्तर देता येईना. आता भिंतीवर दरपत्रक लावलंय. धंदा बुडालेला नाही.

तेच तुम्ही करा. स्वच्छतागृहाचा ठेका देताना बायकांकडून लघवीचे पैसे घ्यायचे नाहीत अशी अट घाला, आणि देखभालीची ती तूट नगरपालिकेनं भरावी. दर दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा की चष्मा न लावता मावशींना वाचता येईल. नवीन बांधाल तिथं बायकांची मुतारी वेगळी बांधा. नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. नकाशा मंजूर करण्याआधी त्या नगरसेविकांना एकदा त्या डब्यासमोर उभं करा.

येत्या गुरुवारी मी बाजाराला जाणार आहे. अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून ठेवलेत, आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात दहाचं नाणं.

आपली,
एक फॉल-पिकोवाली