घारी-गरुडांच्या उड्डाणपिंजऱ्यासाठी आवाहन

तंगुसात अडकून पंख कापलेल्या ब्राह्मणी घारीची जखम भरली, म्हणजे ती सोडण्याजोगी झाली असे नाही. पंख दोन-तीन आठवडे बांधून ठेवला की छातीचे स्नायू ओसरतात. फांदीवर ती ठणठणीत दिसते, पण जेटीवर नेऊन सोडली की उंची गाठता येत नाही, कावळे घेरतात आणि ती उपाशी मरते. छोट्या पिंजऱ्यात ठेवावी, तर तारेच्या जाळीवर आपटून उडायची पिसे मोडतात. मोडलेले पीस पुढच्या पिसझडीपर्यंत नवे येत नाही, म्हणजे मुक्काम आणखी कित्येक महिने लांबला. कडक, सपाट दांड्यावर बसून तळवे सुजतात, चिघळतात. त्यात आपला पावसाळा: कोंदट जागेत फुफ्फुसांना बुरशी धरते, आणि ती कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

सोडायची की ठेवायची, हे तिला उडताना पाहूनच ठरवता येते. त्यासाठी गोव्यात बारदेशातल्या आमच्या शुश्रूषा केंद्रात 20 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच उड्डाणपिंजरा चवथीनंतर उभारायचा आहे. बाजूंना तार नको, बांबूच्या उभ्या कामट्या हव्यात, मध्ये 3 सेंटिमीटर फट. सुमारे सव्वाशे बांबू लागतील. वर 100 चौरस मीटर मऊ नायलॉनचे जाळे. ट्रॉलरचे जुने चालेल, मात्र विरळ विणीचे नको, त्यात पंजा अडकतो. शिवाय जोत्यासाठी चिरे, जीआय पाइप आणि दांड्यांना गुंडाळायला काथ्याचा जाड दोर. वेल्डर आणि गवंडी दोन दिवस देऊ शकले तर फार मोठे काम होईल.

खाद्य म्हणून ताजी, अख्खी तारली द्या. बर्फात फार दिवस राहिलेल्या मासळीत ब-1 जीवनसत्त्व उरत नाही, पक्ष्याला झटके येतात. नुसत्या चिकनच्या तुकड्यांवर पिल्लांची हाडे वाकतात.

पिल्लू सापडले तर कृपा करून घरी वाढवू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहेच, पण एकटे पिल्लू हाताने भरवले की ते माणसालाच आपले समजते आणि पुढे रानात टिकत नाही. पाणी न पाजता, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून लगेच वनखात्याला कळवा.

साहित्य दिवाळीपर्यंत पोहोचावे. रोख देणगीची पावती मिळेल. उन्हाळ्याच्या तोंडावर माडांवरून पडलेली पिल्ले येऊ लागतात, त्याआधी पिंजरा तयार हवा.