ऑल-स्टारची यादी लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

बारा मुलांची यादी लागली आणि यंदा मैदानाच्या पार्किंगमध्ये कुणी कुणाशी भांडलं नाही. न्यू जर्सीत लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, मैदानाच्या कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या कुणालाही विचारा, ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते. ज्यांची मुलं यादीत आली त्यांनी आभार मानण्यात विशेष काही नाही. या पत्राखाली ज्यांची मुलं यादीत नाहीत तेही आहेत, म्हणून पत्र उघड लिहितो आहोत. आणि मराठीत अशासाठी, की उद्या प्लेअर एजंटचं, म्हणजे खेळाडूंची निवड आणि नोंदी बघणाऱ्या पदाधिकाऱ्याचं, हे बिनपगारी, बहुतेक वेळा शिव्या खाण्याचं काम दुसऱ्या एखाद्या मराठी घराच्या गळ्यात पडलं, तर तुमची पद्धत त्यांच्या हाताशी असावी.

ज्यांच्या घरात बेसबॉल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वसंतात गावातल्या गावात सहा-आठ संघ एकमेकांशी खेळतात. तो हंगाम संपत आला की सगळ्या संघांतून निवडक मुलांचा एक संघ बांधतात, तो ऑल-स्टार. तो आधी डिस्ट्रिक्टला, मग सेक्शन आणि राज्य पातळीवर, तिथून कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टलला मेट्रो विभागात आणि नशीब असेल तर ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला पोचतो. १९३९ साली लिटल लीग जन्मली ती तिथेच. १९९८ मध्ये आपल्याच राज्यातल्या टॉम्स रिव्हर ईस्टच्या पोरांनी तिथे जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक गावाला आपला नंबर पुढचा असं वाटतं. बहुतेकांचा प्रवास डिस्ट्रिक्टमध्येच संपतो, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना हे जूनमध्ये कोण सांगणार?

तुम्ही केलेला सगळ्यात मोठा बदल वरवर अगदी किरकोळ दिसतो. आधी मुलं निवडायची, प्रशिक्षक नंतर. बऱ्याच लीगमध्ये हे उलट होतं. हंगामात पहिला आलेल्या संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आपोआप ऑल-स्टारचा मॅनेजर होतो. तो आपल्या ओळखीचे दोन प्रशिक्षक घेतो, म्हणजे बारापैकी तीन जागा त्यांच्या मुलांनी आधीच धरलेल्या. वर त्याच्याच संघातली दोन-तीन मुलं, ‘मला ती माहीत आहेत’ म्हणून. उरलेल्या सहा-सात जागांसाठी मग साठ मुलांची चाचणी. इथे याला ‘डॅडी बॉल’ म्हणतात, आपल्याकडे पंक्तीत वाढपी ओळखीचा असला की जे होतं तेच. त्यातल्या एखाद्याचा मुलगा खरोखरच चांगला असतो, आणि त्या पोरालाही वर्षभर वशिल्याचा म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

तुम्ही मतपत्रिका छापण्याआधी सगळ्या घरांकडून उपलब्धतेचा फॉर्म सहीसह मागितलात. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मूल कुठे कुठे असणार, तारखांसह. आपल्या लोकांच्या बाबतीत हा फॉर्म लाखमोलाचा आहे, कारण भारताची तिकिटं जानेवारीतच काढलेली असतात आणि ती गोष्ट डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या सामन्याला कळते. नियमानुसार आजारपण, दुखापत, सुट्टी अशा कारणासाठी मूल बदलता येतं, पण एकदा काढलेलं मूल त्या यादीत परत घेता येत नाही. लीगबाहेरच्या, गावोगावी फिरून खेळणाऱ्या ट्रॅव्हल संघांतल्या मुलांचे शनिवार-रविवारही याच फॉर्ममध्ये उघडे पडले. त्याच वेळी तुम्ही प्रत्येक मुलाचे खेळलेले सामने मोजून ठेवलेत, कारण हंगामात किमान आठ सामने झाले नसतील तर ते मूल पात्रच ठरत नाही. ही तपासणी मतदानानंतर केली तर निवडलेलं नाव खोडावं लागतं, आणि खोडलेल्या नावाची चर्चा सहा महिने चालते.

मतदानाकडे येऊ. लिटल लीगच्या मार्गदर्शनात खेळाडू, लीगचे पदाधिकारी, मॅनेजर, प्रशिक्षक आणि स्वयंसेवक पंच असे गट सुचवलेले आहेत, पद्धत ठरवण्याचा अधिकार मात्र स्थानिक बोर्डाचा. तुम्ही पाचही गट ठेवलेत, पण मॅनेजरांच्या पत्रिकेला दोन कुलपं लावलीत. बाराच्या बारा नावं भरलेली नसतील तर पत्रिका बाद, आणि स्वतःच्या संघातल्या तीनपेक्षा जास्त मुलांना दिलेली मतं धरायची नाहीत. पहिल्या अटीचं कारण बाहेरच्यांना चटकन कळत नाही. एखादा मॅनेजर आपल्या चार मुलांची नावं लिहून बाकीच्या आठ ओळी कोऱ्या सोडतो. तो इतरांना मत न देऊन आपल्या मुलांची जागा वर सरकवत असतो. दिसायला प्रामाणिक, करायला सोपं, आणि सात मॅनेजरांपैकी दोघांनी केलं तरी निकाल फिरतो. मुलांची मतं तुम्ही सरावाच्या सुरुवातीला घेतलीत, शेवटी नाही. शेवटी घेतली तर आईबाप गाडीपाशी उभे असतात आणि पोरं त्यांच्याकडे बघत लिहितात. मुलांचं मत म्हणजे लोकप्रियतेची स्पर्धा असं पुष्कळजण म्हणतात. आमचं मत तसं नाही. कुणाच्या चेंडूला भ्यायचं हे बारा वर्षांच्या फलंदाजाइतकं कुणालाच कळत नसतं.

बरोबरी झाली तर काय, हे मतदानाआधी लिहून बोर्डाच्या बैठकीत मंजूर करून घेतलंत. चाचणीचे गुण जास्त असतील तो आत. नाणेफेक नाही, ‘चर्चा करून ठरवू’ तर मुळीच नाही. मोजणीला त्या वयोगटात मूल नसलेले दोघे बसले, एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने रेघ मारायची, नंतर अदलाबदल करून पुन्हा. पत्रिका लिफाफ्यात बंद करून हंगाम संपेपर्यंत ठेवल्या, आणि ज्याला हवं त्याला फक्त आपल्या मुलाचा आकडा बघायला मिळाला.

चाचणीबद्दल तुमचं म्हणणं सुरुवातीला अनेकांना पटलं नव्हतं. एका शनिवारच्या दोन तासांत उंच, दांडगी मुलं उठून दिसतात, हुशार मुलं दिसत नाहीत. म्हणून चाचणीचं वजन कमी, हंगामाच्या नोंदीचं जास्त. तरी चाचणी नीट घेतलीत. पाठीवर नाव नाही, नुसते क्रमांक. होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचे साठ फूट दोनदा धावायचे, त्यातली चांगली वेळ धरायची. पाच ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू: दोन उजवीकडे, दोन डावीकडे आणि एक संथ, पुढे येऊन उचलायचा. तो संथ चेंडूच खरी परीक्षा घेतो, कारण तिथे पाय हलवावे लागतात. क्रिकेट खेळून आलेली आपली मुलं इथे चमकतात, फक्त उचललेला चेंडू खांद्याखालून फेकायची सवय मोडावी लागते. मग तीन उंच झेल आणि दहा चेंडू फलंदाजी. पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, वेगमापक बंदूक तुम्ही पिशवीतून काढलीच नाहीत. शेचाळीस फुटांवरून वीसपैकी किती चेंडू स्ट्राइक, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीतून जाणारे, एवढंच मोजलंत. वेगवान पण वॉकवर वॉक देणारा, म्हणजे चार चेंडू चौकटीबाहेर टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस देणारा, पिचर डिस्ट्रिक्टमध्ये तिसऱ्या इनिंगला संघाला खड्ड्यात घालतो.

हंगामाच्या नोंदीलाही मर्यादा आहेत हे तुम्हीच सगळ्यांना आकड्यांनी पटवलंत. पंधरा-सोळा सामन्यांत एका मुलाची साधारण चाळीस ॲट-बॅट, म्हणजे सरासरीत धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या, होतात. बारा हिट (आपल्या फटक्यावर बेस गाठणं) म्हणजे सरासरी .३००, पंधरा म्हणजे .३७५. कागदावर हा फरक आभाळाएवढा, मैदानावर तीन हिटचा. त्यातली एक शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातून निसटलेली, आणि ॲपवर स्कोअर ठेवणाऱ्या फलंदाजाच्याच बाबांनी हिट म्हणून नोंदलेली. म्हणून सरासरीऐवजी स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइकवर बाद) किती आणि बेसवर किती वेळा पोचला, या दोन रकाने बघायचे.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते पिचिंगच्या हिशेबातून. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा, नऊ-दहा वर्षांच्याला ७५. वर विश्रांती: २१ ते ३५ चेंडूंना एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या पुढे चार. सहा इनिंगचा सामना, दर इनिंगला पंधरा चेंडू धरले तरी नव्वद होतात, आणि या वयात वॉक धरून शंभरही. आठवड्यात चार सामने आले तर साडेतीनशे-चारशे चेंडू कुणीतरी टाकायला हवेत. दोन तारे घेऊन हे होत नाही. शिवाय एका दिवसात ४१ चेंडू टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, होऊ शकत नाही, आणि चार इनिंग कॅचर राहिलेला त्या दिवशी पिच करू शकत नाही. गावोगावी सगळ्यात चांगला पिचर आणि सगळ्यात चांगला कॅचर हा एकच मुलगा असतो. यादी करताना तो दोनदा मोजला जातो आणि सामन्याच्या दिवशी एकदाच उभा राहतो.

म्हणून तुमची विभागणी. पहिले नऊ मतांनी, सरळ. शेवटचे तीन गरजेनुसार: स्ट्राइक टाकणारे किमान सहा पिचर आणि किमान दोन कॅचर पुरे होतील असे. ही तीन नावं, नऊ मुलं ठरल्यावर निवडलेल्या मॅनेजरने सुचवायची, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहायचं, बोर्डाने मान्य करायचं. ‘डावखुरा पिचर, वीसपैकी चौदा स्ट्राइक’ हे कारण. ‘चांगला मुलगा आहे’ हे कारण नाही. नियम चौदापर्यंत मुलं घेऊ देतो, तुम्ही बारावर थांबलात. तेरावा आणि चौदावा मुलगा सगळा जुलै बाकावर घालवतो, आणि त्याच्या आजी-आजोबांनी पुण्याहून येऊन काय बघायचं?

वयोगटांचा क्रमही तसाच. एक मूल एकाच संघाच्या यादीत बसतं, म्हणून आधी बारा वर्षांपर्यंतचा संघ, मग अकराचा, शेवटी दहाचा. एरवी चांगल्या अकरा वर्षांच्या मुलावरून दोन मॅनेजर ओढाताण करतात आणि घरच्यांना कुणीच विचारत नाही.

मॅनेजर आणि प्रशिक्षक निवडताना तुम्ही कागदपत्रांची चाळण आधी लावलीत: त्याच विभागात हंगामभर मॅनेजर किंवा प्रशिक्षक असणं, पार्श्वभूमी तपासणी, बालसुरक्षेचं प्रशिक्षण. पंचांकडून प्रत्येकाबद्दल दोन ओळी मागवल्यात. मुलाखतीतला तो एक प्रश्न मात्र इथे नोंदवून ठेवायलाच हवा. ‘तुमच्या पिचरचे ३३ चेंडू झालेत, नवा फलंदाज येतोय, पुढचा सामना परवा. काय कराल?’ काहीजण म्हणाले, लगेच काढू. काहीजण म्हणाले, इनिंग संपू दे. नियम असा की एखाद्या फलंदाजाला खेळवताना टप्पा ओलांडला, तरी तो फलंदाज संपेपर्यंत पिचर राहू शकतो, आणि पुढच्याला एकही चेंडू न टाकता काढला तर विश्रांती ३५ च्या टप्प्याचीच, म्हणजे एक दिवस. परवा तो मुलगा परत हजर. इनिंग संपेपर्यंत ठेवला तर दोन दिवस, आणि परवा तो डगआउटमध्ये सूर्यफुलाच्या बिया खात बसणार. उत्तर ज्यांना येतं त्यांनी नियम वाचलेत आणि मुलाच्या खांद्याचाही विचार केलाय, एवढं पुरे.

प्लेअर एजंटला आपल्या विभागात मॅनेजर, प्रशिक्षक किंवा पंच होता येत नाही. हा नियम काहीजण नावापुरता पाळतात आणि डगआउटच्या जाळीला नाक लावून उभे राहतात. तुम्ही निवडीच्या काळात सेंटरफील्डच्या कुंपणापलीकडे बसायचात.

आता कागदांची ती जाड फाइल. राहत्या पत्त्याचे तीन पुरावे, तीन वेगवेगळ्या गटांतले एकेक, आदल्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून यंदाच्या १ फेब्रुवारीपर्यंतच्या काळातले. एकाच गटातली वीज, गॅस आणि पाण्याची बिलं आणली तर तो एकच पुरावा धरला जातो. भारतात जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यांसाठी तुम्ही वेगळा कागद काढलात. परदेशी दाखला चालतो, पण नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत झालेली हवी. आपल्या महानगरपालिकेच्या दाखल्यावर नोंदणीची तारीख आणि दाखला दिल्याची तारीख वेगळी असते, आणि पाहणारा घाईत दुसरी वाचतो. नाव नंतर घातलेलं असेल तर आणखी गोंधळ. तुम्ही नोंदणीच्या रकान्यावर पिवळी खूण करून, मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून, डिस्ट्रिक्ट ॲडमिनिस्ट्रेटरच्या सहीआधी एकेक फाइल तपासलीत. ते दाखले आमच्या कपाटांत दहा-बारा वर्षं पडून होते, तो रकाना कुणी वाचला नव्हता.

आणि यादी लागण्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फोन केलेत ते न निवडलेल्या मुलांच्या घरी. निवडलेल्यांना नंतर, ईमेलने. व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच्या मुलाचं अभिनंदन वाचून आपलं नाव नाही हे कळण्यापेक्षा ते बरं. काही मुलं रडली. दोन घरांनी आकडा मागितला, तो तुम्ही दाखवलात, आणि त्यांनी तो मान्य केला.

एक सूचना. पंचांच्या मतपत्रिका यंदा कमी आल्या, कारण स्वयंसेवक पंच बहुतेक इतर वयोगटांतले बाप असतात आणि त्यांनी सगळे संघ पाहिलेले नसतात. पुढच्या वर्षी ज्याने किमान चार संघांचे सामने केलेत त्याचंच मत घ्यावं असं आम्हाला वाटतं. मोजणीला आमच्यातले दोघे बसतील, मुलं आता त्या वयोगटातून बाहेर पडताहेत. तुमचं स्टॉपवॉच आणि उरलेले क्रमांकाचे बिल्ले साहित्याच्या खोलीत, कॅचरच्या सामानाच्या पिशवीत खालच्या कप्प्यात ठेवले आहेत.

आपले,
मेजर्स विभागातले काही मराठी पालक