परकीय भाषेच्या परीक्षेत बोलण्याला गुण द्या: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,

सादर नमस्कार.

मी परकीय भाषा शिकवते. भूतकाळाच्या गाळलेल्या जागा बिनचूक भरणारी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. परवा तिला यायला उशीर झाला. ‘का गं?’ असं मी त्याच परभाषेत विचारलं, तर तिची मान खाली. उत्तराला लागणारी क्रियापदं तिनं आदल्याच दिवशी वहीत अचूक लिहिली होती. ती अभ्यासात कच्ची नाही. तिला आम्ही बोलायला कधी लावलंच नाही.

भाषा येणं म्हणजे नुसतं व्याकरण येणं नव्हे, कुणाशी, कधी, कसं बोलायचं हेही कळणं, असं अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी मांडलं. त्यांचा तो निबंध १९७२ मध्ये छापून आला. आमच्या प्रश्नपत्रिकेत अजून त्याचा मागमूस नाही.

मी वर्गात एक साधी गोष्ट करते. दोघांना गाड्यांचं एकच वेळापत्रक देते. एकाच्या कागदावर ज्या वेळा खोडलेल्या, त्या दुसऱ्याच्या कागदावर असतात. एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारूनच तक्ता पुरा करायचा. दोन मिनिटांत कुणीतरी अडतं आणि ‘पुन्हा सांगतोस का?’ हे वाक्य त्याला खरोखर हवं असतं. त्या क्षणी दिलेलं वाक्य मूल विसरत नाही. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं एकाच कामात गुंफलं जातं. त्यांचे वेगळे तास लावावे लागत नाहीत.

व्याकरणाला रजा द्या, असं मी म्हणत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना भाषा छान समजायची, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका उरायच्या, हे तिथल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं. म्हणून खेळ संपला की मुलांचीच वाक्यं मी फळ्यावर घेते आणि नियम तिथून काढते.

पण परीक्षा जवळ आली की हे सगळं मला थांबवावं लागतं. पालक विचारतात, ‘याला गुण किती?’ उत्तर शून्य असतं.

तेव्हा विनंती एकच. दोन विद्यार्थ्यांनी समोरासमोर बसून दहा मिनिटं बोलायचं, अशी तोंडी परीक्षा सक्तीची करा आणि तिला लेखीइतकेच गुण ठेवा. पाठ केलेली भाषणं त्यात नकोत. परीक्षक शिक्षकांना आधी प्रशिक्षण द्या, त्यासाठी वेळ आणि पैसा द्या. पुढच्या परीक्षेचा आराखडा ठरण्याआधी हे व्हावं.

आपली,
परकीय भाषेची एक शिक्षिका