दोष तसाच ठेवून दिवा विझवल्याबद्दल तक्रार

पुणे, ७ मार्च

प्रति,
मा. संचालक,
कार ट्यूनिंग व परफॉर्मन्स वर्कशॉप, पुणे
(स्पीड पोस्टाने व ईमेलने)

विषय : फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१७) या माझ्या गाडीवरचं सदोष काम, बिलात लिहिलेला भाग न बसवणं आणि ईसीयूमधले (इंजिनच्या संगणकातले) इशारे मला न विचारता बंद करणं.

महोदय,

तुमच्याकडे काम करून घेतलेल्या माझ्या गाडीत आज इशाऱ्याचा एकही दिवा लागत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

१८ डिसेंबरला गाडी तुमच्याकडे सोडली, २३ ला परत मिळाली. पक्कं बिल १,१८,५०० रुपयांचं : ईसीयू रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) ४२,०००, 'डाउनपाइप, २०० सेल हाय-फ्लो कॅटसह' (टर्बोनंतरचा धुराचा पाइप, आत धूर शुद्ध करणारी जाळी, म्हणजे कॅट) ३८,०००, इनटेक १८,५००, आणि इंटरकूलरचे (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) सिलिकॉन होस, प्लग, मजुरी मिळून २०,०००. बिल पक्कंच हवं म्हणून मी अडून बसलो तेव्हा तुमच्या काउंटरवरचा मुलगा हसला होता. त्याच बिलातल्या एका ओळीसाठी आज हे पत्र लिहितोय.

गाडी मी नवी घेतली आणि आजवर दुसऱ्या कोणी चालवलेली नाही. चाकणला बनलेली, ११९७ सीसी, कागदावर १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. मला कोणाशी शर्यत लावायची नव्हती. घाटात ट्रकला मागे टाकताना जरा दम हवा होता, एवढंच. तुम्ही १३५ पीएस आणि २३० न्यूटन मीटर सांगितलेत. हा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपर्यंतचाच आहे, त्याचं काय, हेही मी आधीच विचारलं होतं. "दादा, एकदम सेफ आहे." (पैसे देईपर्यंत मी 'दादा' होतो. पहिल्या तक्रारीनंतर 'सर' झालो.)

पहिला महिना गाडी खरंच छान पळाली, हे लपवत नाही. २६ जानेवारीला आईला घेऊन वाईला निघालो. शिरवळ मागे टाकून खंबाटकी चढायला लागलो, पुढे उसाचा ट्रक होता, त्याच्या बाजूने काढायला म्हणून पाय दाबला आणि ईपीसीचा (इंजिनच्या ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) पिवळा दिवा लागला. पाठोपाठ इंजिनचा. ॲक्सिलरेटर पार खाली टेकवला तरी गाडी चाळीसच्या पुढे जाईना. मागे दोन ट्रेलर, त्यांचे हॉर्न, डावीकडे थांबायला जागा नाही. आईने विचारलं, "पेट्रोल भरलंयस ना?" घाटमाथ्यावर पोचून इंजिन बंद केलं, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केलं तर गाडी पहिल्यासारखी. वाईच्या आधी परत तेच.

माझ्या स्कॅनरवर कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा कमी. हा कोड पाठ असलेल्या कोणीही सर्वांत आधी टर्बो ते थ्रॉटल या वाटेतल्या पाइपांत गळती शोधली असती. विशेषतः ते सगळे होस महिन्याभरापूर्वी स्वतःच बदललेले असताना. तुमच्याकडे पहिल्या खेपेला बॉनेटसुद्धा उघडलं नाही. लॅपटॉप जोडला, कोड पुसला, "झालं सर." तीन दिवसांनी दिवा चांदणी चौकात पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला दोष पेट्रोलचा निघाला : "हल्ली एथेनॉल असतं ना सर." हे मात्र मला फारच लागलं. तुम्हीच सांगितलेलं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मी भरतो, पावत्या जपून ठेवतो. आणि २० टक्के एथेनॉल आता सगळ्यांच्याच टाकीत आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एथेनॉलला जेमतेम ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. इथे जे पेट्रोल मिळतं त्याच्यासाठी मॅप लिहायचा, यासाठीच तर ४२,००० रुपये दिले होते.

तिसऱ्या खेपेला, ६ फेब्रुवारीला, गाडी दिवसभर ठेवून घेतलीत. "नवीन फाइल टाकलीय, आता येणार नाही." आणि खरंच आला नाही. मी तुमच्या मुलाला चहाला शंभर रुपये दिले, हेही इथे लिहून ठेवतो.

संशय आला तो पीयूसीमुळे. मुदत संपत आली म्हणून १९ फेब्रुवारीला पौड रोडवर गाडी लावली. आयडलवर कार्बन मोनॉक्साइड १.१ टक्के. माझ्या बीएस ४ गाडीला मर्यादा ०.३ ची आहे आणि आजवर ती शून्याच्या आसपास असायची. केंद्रावरच्या माणसाने सायलेन्सरकडे वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कॅट काढलाय का साहेब?" मी ठामपणे नाही म्हणालो, बिलात २०० सेलचा कॅट लिहिलेला असल्यामुळे. त्यावर तो काहीच बोलला नाही. पुण्यात एवढ्या शांतपणे कोणी गप्प बसलं की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

घरी येऊन स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पाहिला. कॅट ठीक असला तर त्याच्या मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो, कारण चढउतार कॅटमध्येच जिरतात. माझा सेन्सर ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखा उड्या मारत होता. अशा वेळी ईसीयूने पी ०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड देऊन दिवा लावायलाच हवा. लावला नव्हता. कॅटची तपासणी पूर्ण झाली की नाही हे दाखवणाऱ्या रकान्यात तर ही तपासणी या गाडीत नाहीच, असं दिसत होतं. डिसेंबरपर्यंत ती होती; सर्व्हिसच्या आधी मी स्कॅन काढून ठेवतो, जुना स्क्रीनशॉट जोडला आहे. मग एक साधा प्रयोग केला. मागच्या सेन्सरचा कनेक्टरच उपटून ठेवला आणि दोन दिवस गाडी चालवली. सेन्सर जागेवर नाही, तरी डॅशबोर्ड शांत. कोणत्याही धडधाकट ईसीयूने यावर आकांडतांडव केलं असतं.

नंतर गाडी नाना पेठेतल्या माझ्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. खरं तर आधी तिथेच जायला हवं होतं, पण त्यांच्याकडे एसी वेटिंग रूम नाही आणि भिंतीवर कार्बन फायबरही नाही. त्यांनी इनटेकच्या तोंडाला बूच मारलं, धूर सोडायचं यंत्र जोडलं आणि बिडी पेटवायला बाहेर गेले. ते परत येईपर्यंत इंटरकूलरच्या खालच्या होसमधून उदबत्तीसारखी धुराची रेघ निघत होती. तुम्ही बसवलेल्या ॲल्युमिनियम पाइपच्या टोकाला उंचवटाच नाही. होस अडकून राहायला टोकाला जी गोल कड लागते, ती तिथे नाही. त्यावर साधी जुबली क्लिप इतकी आवळली आहे की पट्टी सिलिकॉनमध्ये रुतली. इंजिन थंड असताना जोड धरतो. गरम झालं आणि दाब चढला की दोन-तीन मिलिमीटर सरकतो. खंबाटकीचं कोडं एवढंच होतं. मिस्त्रींनी टोकाला कड काढून घेतली, दोन टी-बोल्ट क्लॅम्प लावले. धुराची तपासणी १,२०० रुपये, क्लॅम्प ३६० रुपये. कड काढायचे पैसे घेतले नाहीत.

दुरुस्तीच्या आधी मी तिसऱ्या गिअरमध्ये लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) घेतला होता. ३००० आरपीएमला ईसीयू १.९ बार मागतोय आणि मिळतायत १.५५. ६ फेब्रुवारीनंतरही तेवढीच तूट. म्हणजे तुमच्या 'नवीन फाइल'ने गळती थांबवली नव्हती, पी ०२९९ बंद केला होता. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, पण लेखी असावा म्हणून सांगतो : हवा वाटेत गळत असली की ठरलेला दाब गाठायला टर्बो नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरतो. ते ओळखून ईसीयू ताकद कमी करतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते आणि टर्बो वाचतो. ईसीयू माझ्यावर रुसलेला नव्हता, राखण करत होता. तुम्ही राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबलात आणि मी तशी गाडी तीन आठवडे, आईला शेजारी बसवून, चालवली.

प्लगबद्दल मात्र तक्रार नाही. चांगले टाकलेत, फटही नीट लावली आहे.

डाउनपाइपचा सेन्सर काढून मिस्त्रींनी त्या भोकातून बारीक कॅमेरा घातला (५०० रुपये). बाहेरून डबा कॅटचा, वेल्डिंग सुरेख, वर '२०० सेल'चा शिक्का. आत काहीच नाही. मोकळा डबा. फोटो सोबत आहेत. म्हणजे पी ०४२० तुम्ही पहिल्या दिवशीच बंद केला होता. तो येणार हे तुम्हाला माहीत होतं. माझा मूळ कॅट कुठे आहे, असं फोनवर विचारलं तेव्हा "भंगारात गेला सर" हे उत्तर मिळालं. काढलेला प्रत्येक भाग डिकीत ठेवा, असं मी जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. डिकीत जुना एअर फिल्टर मिळाला, जुने प्लग मिळाले, एक फाटका होससुद्धा मिळाला. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असलेला एकच भाग नेमका भंगारात जातो, याचं मला नवल वाटलं नाही.

डायनोच्या (गाडीची ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदाबद्दल थोडक्यात. १३४.६ पीएस असा आलेख तुम्ही फ्रेम करून दिलात. त्यावर हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल छापला आहे. आमच्या सोसायटीत शिमला ऑफिसातून, म्हणजे हवामान खात्यातून, निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, "ही गाडी अलिबागला तपासली का?" पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, इथला बॅरोमीटर ९५० च्या आसपास असतो. चुकीच्या दाबामुळे आकडा फुगतो की उलट घटतो, हा वाद मी घालत नाही. १०१३ हा आकडा त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये कोणी मोजलेला असू शकत नाही. मग त्या कागदावरचं बाकी काय मोजलंय, ते कळवावं.

आता तुमचे वकील सांगतील ते मीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. "आरटीओला काही प्रॉब्लेम येत नाही" हे तुमचं वाक्य मला ऐकायला गोड लागलं, म्हणून मी जास्त खोलात गेलो नाही. ती चूक माझी आणि तिचं जे काही असेल ते मी निस्तरेन. पण गिऱ्हाइकाची चूक म्हणजे त्याला रिकामा डबा ३८,००० ला विकायचा परवाना नव्हे. जिथे वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था देशभरच्या गाड्यांचं उत्सर्जन तपासते, त्याच गावात.

माझं मागणं असं. ईसीयूची मूळ फाइल माझ्यासमोर परत टाकावी आणि तिची प्रत मला द्यावी. "ते आमचं सॉफ्टवेअर आहे" हे कारण नको. मूळ फाइल तुम्ही लिहिलेली नाही, माझ्या गाडीतून वाचून घेतलेली आहे. कोणकोणते कोड कोणत्या तारखेला बंद केले, ते लेटरहेडवर लिहून द्यावं. माझा मूळ कॅट परत करावा; नसेल तर याच मॉडेलचा नवा कॅट तुमच्या खर्चाने बसवून पीयूसी काढून द्यावी. डाउनपाइपचे ३८,००० आणि रीमॅपचे ४२,००० परत करावेत, शिवाय नाना पेठेतले २,०६०. इनटेक आणि प्लग ठेवून घेतो, त्यांचे पैसे मागत नाही. टर्बो मात्र तज्ज्ञाकडून तपासून घेणार आहे. शाफ्टमध्ये वाजवीपेक्षा जास्त खेळ निघाला तर तो खर्च वेगळा कळवेन.

२२ मार्चपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, हे पाहून ठेवलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद कालच केली. बिल, जॉबकार्ड, पीयूसीचा निकाल, लॉग आणि फोटो यांच्या प्रती सोबत आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

एक विनंती. यापुढे फोनवर "सर, एकदा गाडी घेऊन या, बघून घेऊ" असं कोणी सांगू नये. माझ्याकडे वैध पीयूसी नाही, त्यामुळे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि तिथेच राहील. बघायचं असेल तर लॅपटॉप, मूळ फाइल आणि कॅट घेऊन तुम्ही या. नाना पेठेतले मिस्त्री रविवारी सकाळी हजर राहायला तयार आहेत.

आपला,
(सही)
जॉबकार्डवर नाव असलेला ग्राहक
कोथरूड, पुणे