सीआरपीचा आकडा वाचण्याआधी एकक पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात ठाणे, कळव्यापासून ऐरोली, नेरूळपर्यंत तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या हातात साधारण एकच यादी असते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंग्यू आणि शेवटी सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, इजा किंवा संसर्ग झाला की रक्तात वाढणारे प्रथिन). शिवाय सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये भरणाऱ्या शिबिरांतील ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ईएसआर आणि फेरिटिनही असते. मग ठळक छापलेला आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि ज्याला त्याला त्यात काहीतरी दिसते. या चाचण्यांच्या वाचनात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, म्हणून हे पत्र.

पहिली चूक एककाची. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक. समजा, सोमवारी कोपरीत ४.८ आला आणि बुधवारी वाशीत ३०. घरचे घाबरतात, सहापट वाढला म्हणून. पण पहिला आकडा डेसिलिटरचा असेल तर तो ४८ होता. म्हणजे सीआरपी ४८ वरून ३० वर उतरला, रुग्ण सुधारतो आहे. शेजारच्या रकान्यातली ‘नॉर्मल रेंज’ पाहिली तरी हा घोळ लक्षात येतो. ५ किंवा ६ पर्यंत लिहिले असेल तर लिटर, ०.५ किंवा ०.६ लिहिले असेल तर डेसिलिटर.

दुसरी चूक, सीआरपी म्हणजे जिवाणूंची चाचणी, ही समजूत. तिला कारण आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले, आणि नावातला ‘सी’ न्यूमोनियाच्या जिवाणूच्या पेशीभिंतीतल्या ‘सी’ नावाच्या पदार्थाचा आहे. पण शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा निरोप यकृताला पोहोचतो आणि यकृत सीआरपी बनवू लागते. निरोप जिवाणूंमुळे आला, मोडलेल्या हाडामुळे, गाऊटमुळे (युरिक अॅसिडची सांधेदुखी) की हृदयविकाराच्या झटक्यामुळे, हे यकृताला कळत नाही. (दाह म्हणजे इन्फ्लमेशन, इजा किंवा संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद. हा शब्द इथे मुद्दाम. ‘सूज’ म्हटले की लोक पाय दाबून पाहतात.) मलेरियात सीआरपी चांगलाच चढतो, लेप्टोतही (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा संसर्ग). डेंग्यूत तो बहुधा त्यामानाने कमी राहतो. तेव्हा सीआरपी ६० आला म्हणून अँटिबायोटिक सुरू केले आणि मलेरियाची स्लाइड राहूनच गेली, हा क्रम उलटा झाला. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसाने डॉक्टरांना सीआरपीआधी ते पाणी सांगावे.

वेळेचे गणितही पक्के आहे. दाह सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांनी सीआरपी वर सरकू लागतो आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. ताप भरल्यावर दोन तासांत काढलेला ‘नॉर्मल’ सीआरपी म्हणूनच काही सांगत नाही. उतरताना त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे. निर्मिती पूर्ण थांबली तर १६० चे ८० व्हायला जवळपास एक दिवस लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. सकाळ-संध्याकाळ तपासून पैसे घालवू नयेत, एक-दोन दिवसांच्या अंतराने आणि त्याच लॅबमध्ये तपासावे. शस्त्रक्रियेनंतर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो, हे अपेक्षितच आहे. त्यानंतर उतरला नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर डॉक्टर जखमेकडे किंवा छातीकडे बघतात.

ईएसआरची गोष्ट वेगळी. ती प्रथिनाची मोजणी नाही. उभ्या नळीत एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढेच ती सांगते. दाहात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन वाढले की पेशी एकमेकींना चिकटून लवकर बसतात. पण रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय यांनीही आकडा चढतो. वयाचा ढोबळ हिशेब असा: पुरुषांत वय भागिले दोन, स्त्रियांत वय अधिक दहा, भागिले दोन. सत्तरीच्या आजींचा ३८ हा ‘इन्फेक्शन’ नव्हे. उतरायलाही ईएसआर आठवडे घेतो.

आणि गफलती इथेच सर्वांत जास्त. नळी जराशी तिरकी राहिली किंवा खोली तापलेली असली की आकडा खोटा वाढतो. नमुन्यात गुठळी झाली किंवा तो फार वेळ पडून राहिला की खोटा घटतो. साध्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्याची ईएसआर चार तासांच्या आत लावायला हवी. सकाळी सातला घरून घेतलेले रक्त घोडबंदर रोडवरच्या कोंडीतून, आणखी दहा घरे करत दुपारी लॅबमध्ये पोहोचत असेल, तर त्या ईएसआरला अर्थ उरत नाही. सीआरपीला हा उशीर फारसा बाधत नाही.

फेरिटिनमुळे स्त्रियांचे विशेष नुकसान होते. ते लोहाचा साठा दाखवते, पण दाहात तेही वाढते, त्यामुळे रिकामी कोठी भरलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निरोगी प्रौढात १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली लोहाची कमतरता धरतात, पण संसर्ग किंवा दाह असताना ७० खाली. म्हणजे तापात ४५ फेरिटिन आणि ९ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला ‘लोह भरपूर आहे’ म्हणून गोळ्या बंद करायला सांगणे चूक. सोबत सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) पाहावे किंवा ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

हृदयासाठीची हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही त्याच प्रथिनाची अधिक बारीक मोजणी. अमेरिकेतल्या २००३ च्या शिफारशीनुसार १ खाली कमी धोका, ३ वर जास्त (एकक लिटरचे). १० च्या वर आला तर तो हृदयासाठी धरायचाच नाही, दोन आठवड्यांनी परत करायची. सर्दी, दुखरी हिरडी, लठ्ठपणा, धूम्रपान, सगळ्यांनी तो चढतो. निरोगी माणसातही तो आपसूक दुपटीने मागेपुढे होतो, तेव्हा १.२ चा २ झाला म्हणून आहार बदलायची घाई नको.

शिबिरे भरवणाऱ्या सोसायट्यांना विनंती, की कसलीही तक्रार नसलेल्यांच्या पॅकेजमधून ईएसआर आणि साधा सीआरपी काढून टाकावा. त्या पैशांत एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) होईल. लॅबचालकांनी अहवालावर एकक मोठ्या अक्षरांत छापावे आणि रक्त काढल्याची व ईएसआर लावल्याची अशा दोन्ही वेळा द्याव्यात. हाताने लिहिल्या तरी चालतील.

— पॅथॉलॉजी क्षेत्रातील एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)