कोयासानला पायी जाण्यासाठी एक दिवस ठेवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधील कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरील कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्यामुळे जपानला जाणाऱ्या मराठी माणसाला त्या डोंगरावरील मठांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या सहलीत मात्र केबल कारने वर जाऊन संध्याकाळी परतायचे, एवढाच बेत होता. मी मुक्काम वाढवून पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापासून जुन्या पायवाटेने चढलो आणि खरे कोयासान मला त्या वाटेवरच कळले.

कुकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ साली स्थापन केलेल्या या मठाकडे जाणारी ही वाट वीस किलोमीटरहून थोडी अधिक आहे. तिच्यावर सुमारे १०९ मीटरांच्या अंतराने एक, असे १८० दगडी स्तंभ तेराव्या शतकात उभारले गेले. प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश दर्शवणारे पाच आकार एकावर एक रचलेले असून त्यांवर सिद्धम् या प्राचीन भारतीय लिपीतील संस्कृत बीजाक्षरे कोरलेली आहेत. प्रत्येक स्तंभापुढे हात जोडून मगच पुढचे पाऊल टाकण्याची जपानी यात्रेकरूंची परंपरा आहे. पर्सिमनच्या बागा संपल्या की सुगी आणि हिनोकी या जपानी वृक्षांचे उंच, दाट रान लागते आणि शेवावलेले ते स्तंभ झाडांच्या खोडांतून एकदम समोर येतात.

बाबासाहेबांना वंदन करण्यासाठी जाणाऱ्यांनी तर जिसोन-इन अवश्य पाहावे. डोंगरावर स्त्रियांना बंदी असल्याने कुकाईंची आई येथेच राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा तिच्या भेटीस खाली उतरे, अशी परंपरा सांगते. सुखरूप बाळंतपणासाठी आणि स्तनांच्या आजारातून बरे होण्यासाठी स्त्रियांनी वाहिलेल्या, कापडी स्तन चिकटवलेल्या लाकडी पाट्या तेथे आजही टांगलेल्या दिसतात. सरकारने ती बंदी १८७२ मध्ये उठवली. बंदीच्या काळात पर्वताच्या प्रवेशवाटांवरील स्त्रीगृहांतूनच बायकांना प्रार्थना करावी लागे. त्यांपैकी एकच स्त्रीगृह आज उरले आहे. तेही सहलीत दाखवले जावे, असे मला मनापासून वाटते.

सहल आयोजकांना विनंती की त्यांनी या वाटेसाठी एक पूर्ण दिवस आणि मठातील एक मुक्काम राखून ठेवावा. मठातले जेवण शाकाहारी असते. सात-आठ तासांची चाल ज्यांना झेपणार नाही, त्यांना रेल्वेने कामिकोसावा स्थानकापर्यंत नेऊन तेथून पुढची वाट धरता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे